दुसरी किल्ली

कोणत्याही वस्तूची एकच प्रत जवळ असणे ही मोठी जोखमीची स्थिती होय, हे आम्हांस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आषाढातल्या एका संध्याकाळी, पालघर स्टेशनाच्या बाहेर भर पावसात उमगले. मुंबईस परीक्षकांच्या सभेस जाऊन आम्ही डहाणू लोकलने परत आलो होतो. (सभेत काय ठरले ते वाचकांनी विचारू नये, परीक्षकांची सभा होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.) मोटारीपाशी येऊन आम्ही खिशात हात घातला. चष्म्याचे घर हाती लागले, रुमाल लागला, सभेची विषयपत्रिका लागली. किल्ली लागली नाही. मग दुसरा खिसा, मग पिशवी, मग पुन्हा पहिला खिसा, ह्या क्रमाने आमचा शोध अर्धा तास चालला. शेजारी उभा असलेला एक रिक्षावाला हे सर्व शांतपणे पाहत होता. अखेर त्यास राहवेना. तो म्हणाला, “सर, छत्री तरी उघडा, किती भिजताय!” हातात छत्री आहे ह्याचेच आम्हांस विस्मरण झाले होते. ती उघडताच तिच्या घडीतून किल्ली निसटली आणि पायाखालच्या डबक्यात पडली.

घरी येऊन ही हकीकत आम्ही शक्य तितकी आपल्या बाजूने रंगवून सांगितली. कुटुंबाने ती ऐकून घेतली, आणि टॉवेल पुढे करीत एवढेच विचारले, “आणि सापडली नसती तर? दुसरी किल्ली आणायला जाणार होतात का?”

ह्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही, व तिनेही ते मागितले नाही. दुसरी किल्ली कोठे आहे हे आम्हां उभयतांस पक्के ठाऊक होते. ती बोइसरला आमच्या धाकट्या भावाच्या घरी होती; आणि त्या घराशी आमचे बोलणे तीन वर्षे बंद होते.

मोटार घेतली ती २०१५ साली. आदल्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला होता, आणि आपण आता जिल्ह्याच्या गावी राहतो म्हणून आमची छाती थोडीशी फुगली होती, हे खरे. पण मोटार काही तेवढ्यासाठी घेतली नाही. चिंचणीच्या घरी आई एकटी होती. तिच्या मूत्रपिंडांनी असहकार पुकारला होता, आणि आठवड्यातून दोनदा तिला उपचारास न्यावे लागे. दोघा भावांनी निम्मे निम्मे पैसे घातले. नोंदणी आमच्या नावावर झाली, कारण थोरलेपणाचा मान असल्या फुकटच्या ठिकाणीच काय तो पदरात पडतो. मोटारीबरोबर दोन किल्ल्या आल्या. एक पालघरला राहिली, दुसरी बोइसरला. मोटार स्वतः चिंचणीस आईच्या अंगणात, चिंचेखाली उभी असे. सोमवार आमचा, गुरुवार त्याचा. ज्याची पाळी असे तो एस.टी.ने जाई आणि आपल्या किल्लीने मोटार चालू करी. एकमेकांस निरोप ठेवायचा तर तो आसनावर चिठ्ठी ठेवून. चार वर्षे ती मोटार आम्हां दोघांपैकी कोणाचीच नव्हती. ती आईची होती.

आई २०१९ च्या दिवाळीनंतर गेली. पुढे घराचा प्रश्न निघाला. घर राखावे असे धाकट्याचे मत. कौले गळतात, वाशांस वाळवी लागली आहे, तेव्हा विकून मोकळे व्हावे असे आमचे. आमच्या म्हणण्यात व्यवहार होता व त्याच्या म्हणण्यात केवळ भावना होती, असे आम्ही त्या वेळी भेटेल त्यास सांगत असू. २०२२ साली घर विकले गेले. सही त्यानेही केली. सही झाल्यावर त्याने आमचे पेन टोपण लावून आम्हांस परत दिले, आणि त्यानंतर आम्ही बोललो नाही. मोटार पालघरला आली. त्याच्याजवळची किल्ली त्याने परत केली नाही, व आम्हीही ती मागितली नाही. मागावी, तर मोटारीत त्याने घातलेल्या निम्म्या पैशांचे आपण काय केले, असा प्रश्न तिच्या पाठोपाठ येणार. आणि आम्ही त्यांचे काहीच केले नव्हते.

तेव्हा मागण्यापेक्षा नवी करून घेणे बरे, असा सुलभ मार्ग आम्ही काढला. पालघरच्या बाजारात रस्त्याच्या कडेला किल्ल्या करून देणारा एक वृद्ध कारागीर बसतो. त्याने आमची किल्ली हातात घेतली, तिचे काळे डोके अंगठ्याने दाबून पाहिले, आणि म्हणाला, “दार उघडेल, साहेब. गाडी चालायची नाही. हिच्या डोक्यात चिप आहे.” तीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या मनुष्यास रस्त्यावरच्या मनुष्याचे म्हणणे एकदम पटत नाही. आम्ही किल्ली करविली. तिने दार उघडले. कुलपात ती गुळगुळीत फिरली, इंजिन सुरू झाले, आणि तोंडी परीक्षेस आलेला विद्यार्थी पहिले पाठ वाक्य म्हणून जसा थांबतो, तसे क्षणात बंद पडले. समोर एक तांबडा दिवा मिचकावू लागला. दोनदा, तीनदा, तोच प्रकार. जुनी किल्ली लावताच मोटार मुकाट्याने चालू झाली.

ह्या यंत्रणेस इम्मोबिलायझर म्हणतात. तिला मराठीत ‘स्तंभक’ म्हणावे असे आमच्या मनात आले होते. परंतु त्या नावाची औषधे वैद्यांकडे पूर्वीपासून आहेत, आणि त्यांचे कार्य फार निराळे आहे, म्हणून तो बेत सोडून दिला. पूर्वी मोटारीची किल्ली म्हणजे दाते असलेली लोखंडाची पट्टी असे. दाते जुळले की काम झाले. दाते न जुळले तरी चोराचे अडत नसे. तो कुलपाच्या मागच्या तारा ओढून एकमेकींस लावी आणि निघून जाई. १९९० नंतरच्या वर्षांत युरोपात मोटारींच्या चोऱ्या इतक्या वाढल्या की, तेथील राष्ट्रसंघाने १९९५ साली निर्देश काढून ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीस हा अटकाव सक्तीचा केला. तेथून तो जगभर पसरला, आणि यथाकाल आमच्या अंगणापर्यंत आला.

त्याची रचना मोठी मनोरम आहे. कुलपाच्या तोंडाभोवती तारेचे एक वेटोळे बसविलेले असते. किल्ली फिरविली की त्यातून सेकंदास सुमारे सव्वा लक्ष आंदोलनांचा विद्युत्प्रवाह वाहू लागतो, आणि फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमानुसार किल्लीच्या डोक्यातल्या चिमुकल्या वेटोळ्यात आपोआप वीज उत्पन्न होते. तेवढ्या उसन्या विजेवर तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप जागी होऊन बोलू लागते. आरंभीच्या चिपा आपला ठराविक क्रमांक तेवढा सांगत. अलीबाबाच्या गोष्टीतल्या ‘तिळा, दार उघड’ ह्यासारखाच हा प्रकार झाला. झाडावर बसून ज्याने तो शब्द ऐकला त्याची गुहा. म्हणून पुढे अधिक शहाणी युक्ती निघाली. मोटार किल्लीस एक संख्या देते, दर वेळी निराळी. किल्ली आपल्या पोटातल्या गुपिताशी त्या संख्येचे गणित करून उत्तर परत पाठविते. मोटारही तेच गणित मनाशी करते. दोन्ही उत्तरे जुळली तर इंधनाची वाट मोकळी होते. गुपित स्वतः कधीच बाहेर पडत नाही. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती कालच्या प्रश्नाचे उत्तर लागते, आणि आज प्रश्नच दुसरा असतो. परीक्षकांच्या सभेत हे तत्त्व कोणी मांडले असते तर आमचा दिवस सार्थकी लागता.

हेही अभेद्य नव्हेच. २००५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मंडळींनी अशाच एका चिपेचे गुपित फोडून दाखविले. त्याच्या शक्यता सुमारे एक लक्ष दहा हजार कोटी होत्या, पण यंत्रांपुढे ती संख्या टिकली नाही. दुसऱ्या एका चिपेतील दोष इंग्लंड व हॉलंड येथील संशोधकांनी शोधला, तेव्हा २०१३ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्यांचा निबंध प्रसिद्ध करण्यास मनाई केली. तो निबंध २०१५ साली बाहेर आला. विद्वानांच्या लेखनाची न्यायालयाने एवढी दखल घ्यावी, हे वाचून आम्हांस थोडा मत्सर वाटला. आमच्या एकाही निबंधास मनाई करावी असे आजवर कोणास वाटलेले नाही.

हे सर्व आम्ही दोन रात्री जागून वाचले, आणि वाचता वाचता मन वारंवार शाकुंतलाकडे गेले. ‘अभिज्ञान’ म्हणजे ओळखीची खूण. राजापुढे साक्षात् शकुंतला उभी आहे. तिचे रूप, तिचा आवाज, तिचा राग, सर्व काही आहे. नाही ती एक अंगठी, आणि तेवढ्यासाठी राजा तिला ओळखीत नाही. कोळ्यास मासळीच्या पोटात ती सापडते तेव्हा त्यास सगळे आठवते. आमच्या विद्यार्थ्यांस हा शाप फार कृत्रिम वाटतो. त्यांनी आमच्या मोटारीत एकदा बसावे. दहा वर्षे आम्ही तिला धुतले, तिची हवा भरली, विमा भरला; पण तिची आमच्याशी काडीमात्र ओळख नाही. तिची ओळख तांदळाएवढ्या काचेच्या नळीशी. दुष्यंताने दोन अंगठ्या दिल्या असत्या, तर पाचव्या अंकातच नाटक आटोपले असते, असेही एक क्षुद्र मत आमच्या मनात येऊन गेले.

मोटारीच्या अधिकृत कारखान्यात चौकशी केली. तेथील तरुणाने नोंदणीपत्र, ओळखपत्र, विम्याचा कागद, असे सर्व मागून घेतले, किंमत सांगितली, तीन आठवडे लागतील म्हणाला, आणि वर सहज विचारले, “दुसरी हरवली का? हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून ठेवा. गाडी चोरीस गेली, तर विमावाले दोन्ही किल्ल्या मागतात.” हरवली नाही, असे आम्ही म्हणालो. मग कोठे आहे, असे त्याने विचारले नाही. त्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहो.

तीन आठवडे थांबण्याची आमची तयारी नव्हती. हे काम उत्तम करणारा मनुष्य बोइसरला आहे, असे महाविद्यालयातल्या एका शिपायाने सांगितले. ज्या भागात १९६९ साली देशातले पहिले अणुवीजकेंद्र चालू झाले, आणि जेथे तारापूरच्या कारखान्यांतून दिवसरात्र यंत्रे दुरुस्त होत असतात, तेथे किल्लीच्या मेंदूचा जाणता भेटावा ह्यात नवल नाही. नवल एवढेच, की जे गाव आम्ही तीन वर्षे चुकवीत होतो, तेथेच जाणे प्राप्त झाले. एका शनिवारी दुपारी उमरोळी मागे टाकून आम्ही बोइसरला पोहोचलो. स्टेशनाकडून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाला लागून त्याचे दुकान होते. दुकानदार पंचविशीतला, आय.टी.आय. झालेला, कमी बोलणारा. त्याने नव्या किल्लीची पट्टी यंत्रावर कापली. मग वाकून, सुकाणूच्या खाली गुडघ्यापाशी असलेल्या एका खाचेत आपल्या हातातल्या यंत्राची दोरी खोचली. पडद्यावर अक्षरे धावली आणि थांबली. त्याने ती आम्हांस दाखविली. नोंदलेल्या किल्ल्या : २.

“सर, दुसरी आणलीत का?”

“नाही.”

“मग ती बाद होईल. ह्या गाडीत एक एक वाढवता येत नाही. आधी सगळ्या पुसायच्या, मग समोर असतील त्या पुन्हा नोंदवायच्या. समोर नाही तिला गाडी विसरली.” आमच्या मुद्रेवर त्यास चिंता दिसली असावी, तो धीर देत म्हणाला, “हरवली असेल तर चांगलंच आहे की. कुणाला सापडली तरी तिनं दार उघडेल, पण इंजिन चालू व्हायचं नाही.”

एवढे बोलून तो आमच्या होकाराची वाट पाहत उभा राहिला. त्याच्या बोटाखाली एक बटन होते.

आम्ही वाचकांशी खोटे बोलत नाही. प्रथम आम्हांस सुटल्यासारखे वाटले. कोणास काही मागावयास नको, काही ऐकावयास नको, विमावाल्याच्या दृष्टीने योग्य, कायद्याच्या दृष्टीने निर्दोष. त्यास कळणारही नाही. आणि मग वाटले, कळेल. चार वर्षांनी, दहा वर्षांनी, काही निमित्ताने तो मोटारीपाशी येईल, किल्ली लावील, दार उघडेल. आणि आत बसून ती फिरविताच इंजिन एक क्षण बोलून बंद पडेल. समोर तांबडा दिवा मिचकावेल. त्याने जन्मभर कारखान्यात मापनयंत्रेच दुरुस्त केली आहेत. त्या दिव्याचा अर्थ त्यास कोणी समजावून सांगावा लागणार नाही. ही गोष्ट कोणी, कोणत्या दिवशी, कोणते बटन दाबून केली, हे तो तेथल्या तेथे ओळखील.

आम्ही दुकानाच्या बाहेर येऊन टेलिफोन लावला.

“दादा?” पलीकडून आवाज आला. आमचा क्रमांक त्याने पुसला नव्हता.

“गाडीची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना?”

“आहे.” थोड्या वेळाने, “परत पाहिजे?”

“नाही. गाडीला दाखवायची आहे.”

आमच्या ह्या वाक्याचा अर्थ त्यास लागला नसावा. त्याने एवढेच विचारले, “आहेस कुठे?”

वीस मिनिटांत तो स्कूटरवरून आला. केस आमच्याहून अधिक पांढरे झाले होते. आमच्याकडे पाहून त्याने मान हलविली, आणि सरळ दुकानदाराकडे जाऊन त्याची उलटतपासणी सुरू केली. बॅटरीचे व्होल्टेज पाहिलेस का? मध्येच उतरले तर सगळे अर्धवट राहील, चार्जर जोड. जुन्या माहितीची नक्कल काढून ठेवलीस का? कोड काढलास की नुसताच लावतोयस? तो मुलगा एकाएकी बोलका झाला. आपली भाषा बोलणारे माणूस त्यास भेटले होते. आम्ही मध्ये ज्ञान दाखविण्यासाठी म्हणालो की, किल्लीतला सेल संपला तर मोटार चालू होणार नाही, म्हणून दोन्ही किल्ल्यांचे सेल बदलून घ्यावेत. धाकटा हसला. “सेल लांबून दार उघडायच्या बटनाला, दादा. चिपेला सेल नसतो.” फॅरडेचा नियम दोन रात्री वाचूनही आम्ही हे बोललो होतो. आम्ही गप्प झालो.

त्याने खिशातून किल्ली काढली. तिला अजून आईने बांधलेला लाल दोरा होता, मळून काळा पडलेला. आमच्या किल्लीचा दोरा केव्हाच तुटला. कोठे, ते आठवत नाही.

मुलाने बटन दाबले. पडद्यावर आकडा आला : ०. त्या क्षणी ती मोटार भर रस्त्यावर उभी होती आणि जगातल्या एकाही किल्लीस ओळखीत नव्हती. आमच्या नाही, त्याच्याही नाही. हा क्षण बराच लांबला, किंवा आम्हांस तसे वाटले. नंतर मुलाने किल्ल्या एकेक करून कुलपात फिरविल्या. प्रत्येक वेळी तांबडा दिवा पेटे, काही सेकंद थांबे, आणि विझे. एक. दोन. धाकट्याची किल्ली शेवटी लागली. दोरा कुलपावर लोंबत होता, तो त्याने बोटाने बाजूस धरला. तीन.

“आता चालू करून बघा,” मुलगा म्हणाला. आमची किल्ली चालली. नवी चालली. धाकटा आसनावर बसला, त्याने आपली लावली, आणि इंजिन चालू झाल्यावरही ते बंद न करता काही वेळ तसाच ऐकत राहिला. “टॅपेट वाजताहेत,” तो म्हणाला. “दाखवून घे.”

“किती झाले?” खाली उतरून त्याने दुकानदारास विचारले, आणि ऐकल्यावर पाकीट काढून निम्मे मोजू लागला. आम्ही नको म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलेले ते ‘नको’ आम्ही परतविले, आणि उरलेले निम्मे आमच्या पाकिटातून दिले. त्या मुलास हा हिशेब विचित्र वाटला असावा. त्याने दोन्हींकडच्या नोटा वेगवेगळ्या मोजून घेतल्या.

नवी किल्ली आम्ही खिशात टाकली, आणि ती कोणत्या खिशात टाकली हे मनात तीनदा घोकले. धाकट्याने आपली दोऱ्यासकट शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचे बटन लावले. स्कूटरला किक मारता मारता तो थांबला.

“येत्या गुरुवारी गाडी लागेल मला. हिचे डोळे दाखवायचेत वसईला. लोकलच्या गर्दीत तिला जमत नाही.”

“सकाळी आणून देतो,” आम्ही म्हणालो.

“मी येईन घ्यायला. आता निघ, पाळी सुटली की बसगाड्यांनी रस्ता भरतो.”